नाव कोरलेले टॉर्च भेट द्यायचेत, काय बघून घेऊ?

सांजवात:
आमच्याकडे रात्रपाळीला १८ माणसं आहेत, वॉचमन, लिफ्ट आणि जनरेटर बघणारे, दोन इलेक्ट्रिशियन. वर्षअखेरीला त्यांचे आभार म्हणून काहीतरी देतो आणि दरवर्षी डायरी नाहीतर मग असंच काहीतरी जातं, या वेळी मी टॉर्चचा हट्ट धरलाय, प्रत्येकाच्या टॉर्चवर त्याचं त्याचं नाव कोरून. कारण सांगते. एकदा रात्री उशिरापर्यंत थांबले होते आणि लाइट गेले, तेव्हा आमच्या एका वॉचमननी मला जिन्यानी पाच मजले खाली आणलं. हातात त्यांचा मोबाईल, त्याचं चार्जिंग संपत आलेलं, आणि सगळा उजेड त्यांनी माझ्या पायाशी धरलेला, स्वतः मात्र कठडा चाचपडत अंधारात उतरत होते. तेव्हापासून हे डोक्यात आहे.
आता प्रश्न असे की धातूचा घ्यावा की प्लास्टिकचा, मराठी अक्षरं नीट उमटतात का, सेलवाला बरा की चार्जिंगचा, आणि साहेब म्हणतायत की कंपनीचा लोगो मोठा टाका, नाव खाली बारीक. मला ते पटत नाहीये पण नीट कारण देता येत नाहीये.

गिरमिट:
मी लेझरनी कोरायचंच काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. अ‍ॅल्युमिनियमचा काळा अ‍ॅनोडाइज्ड टॉर्च घ्या, बाकी काही बघत बसू नका. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे वरून मारलेला रंग नसतो, अ‍ॅल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा थर असतो आणि त्याच्या बारीक बारीक छिद्रांत रंग मुरवलेला असतो, लेझर नेमका तो रंग उडवतो, म्हणून काळ्यावर अक्षर पांढरट उठून दिसतं आणि छापलेल्या शाईसारखं हाताच्या घामानी पुसून जात नाही. चंदेरी बॉडीवर तेच अक्षर उजेडात तिरकं धरून शोधावं लागतं. प्लास्टिकवर होतं पण कडा वितळून फुगतात, आणि पीव्हीसी असेल तर मी मशीनखाली घेतच नाही, विषारी वायू निघतो नि मशीनही गंजतं.

जागा आधी बघा. पकडीसाठी खरखरीत जाळी पाडलेली असते त्यावर अक्षर बसत नाही, गुळगुळीत पट्टा किंवा सपाट केलेली जागा पाहिजे. आणि नाव लांबीच्या दिशेनी घ्या. २५ मिमी व्यासाच्या टॉर्चचा घेर साधारण ७८ मिमी असतो पण एका नजरेत त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा धड दिसतो, नाव गोल फिरवलं की वाचायला टॉर्चही फिरवत बसावं लागतं.

मराठीचं मात्र कळकळीनी सांगतो. मजकूर टाइप करून पाठवला आणि समोरच्याच्या सॉफ्टवेअरला आपली अक्षरं जोडता येत नसली तर ज्ञानेश्वरमधला श्व फुटतो, सूर्यकांतचा रफार भलत्याच अक्षरावर जातो, विठ्ठलची पहिली वेलांटी व च्या पुढे जाऊन बसते. मशीनला त्याचं काही कळत नाही, ते दिलंय तसं कोरतं आणि कोरलेलं परत मिटवता येत नाही. म्हणून अक्षरांचं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या चित्रात रूपांतर करून एसव्हीजी किंवा पीडीएफ फाइल द्या. अक्षर ४ मिमीपेक्षा लहान नको, काना मात्रा गिचमिड होतात. आणि आधी एक नमुना कोरून हातात घेऊन बघा, मगच बाकीचे १७.

तारवाला:
मला असा टॉर्च मिळालाय म्हणून लोगोबद्दल मी बोलतो. नोकरीला २० वर्षं झाली तेव्हा खात्यातल्या लोकांनी दिला, वर माझं नाव आणि खाली एकच ओळ, 'रात्री तीनलाही फोन उचलणारा'. बाकी काही नाही. आजवर मिळालेल्या ढाली, प्रमाणपत्रं कपाटात आहेत, हा अजून माझ्या हत्यारांच्या पिशवीत असतो. दोनदा साइटवर विसरलो, दोन्ही वेळा परत आला, कारण नाव वाचलं की कुणाचा ते कळतं. कंपनीच्या लोगोचा टॉर्च कंपनीचा वाटतो हो, तो कुणीही उचलून कुठल्याही ड्रॉवरमध्ये टाकतो. साहेबांना एवढंच सांगा की लोगो डबीवर मोठा टाकू. टॉर्च माणसाचा राहू द्या.

ओळ टाकायची तर प्रत्येकाची वेगळी टाका, 'आपल्या अमूल्य सेवेबद्दल' सगळ्यांना चालतं म्हणूनच ते कुणाचंच नसतं. सुचली नाही तर नुसतं नाव पुरे.

आणि टॉर्च कामाचा घ्या. डबीवर एएनएसआय एफएल १ लिहिलंय का बघा, म्हणजे आकडे एका पद्धतीनी मोजलेले असतात. त्यात रनटाइम म्हणजे उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ, आणि उजेड किती लांब जातो तो आकडा म्हणजे जिथे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स उजेड उरतो तिथपर्यंत, तेव्हा २०० मीटर लिहिलं म्हणून २०० मीटरवर माणूस ओळखू येईल असं नाही. जिना, मीटरपेटी, पार्किंग यासाठी २००-३०० लुमेन (टॉर्चच्या एकूण उजेडाचं माप) भरपूर झाले. झगमग लुकलुकणारे पाच-सहा मोड नकोत, घाईत बटण दाबलं की सरळ उजेड पडला पाहिजे. बाहेर फिरणाऱ्यांना निदान आयपीएक्स४ बघा, चारी बाजूंनी उडणारं पाणी चालतं, आयपीएक्स७ असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास पडला तरी चालतो.

निळी_शाई:
सेलबद्दल माझा अनुभव वाचाच. आम्ही स्वयंसेवकांना कोरलेले टॉर्च दिले होते, कौतुकानी सेल आत घालून, म्हणजे हातात घेतला की पेटावा. सहा-सात महिन्यांनी एका काकूंनी त्यांचा माझ्याकडे आणून दिला, लागत नाही म्हणाल्या. मागचं झाकण फिरेना. फडकं गुंडाळून जोर लावला तेव्हा कुठे सुटलं तर स्प्रिंगवर पांढरी खरपुडी धरलेली आणि सेल आत चिकटून बसलेला. अल्कलाइन सेल फुटून त्यातलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येतं आणि ते अ‍ॅल्युमिनियमसुद्धा खातं. वर त्यांचं नाव मात्र पहिल्या दिवसासारखं स्वच्छ दिसत होतं, ते बघून जास्त वाईट वाटलं.

तेव्हा सेल वेगळे, पाकिटातच द्या. क्वचित वापर होणार असेल तर एए लिथियमचे घ्या, वर्षानुवर्षं टिकतात आणि गळण्याचा धोका फार कमी. तुमची माणसं रोज रात्री वापरणार, त्यांना यूएसबी-सीवर चार्ज होणारा सोयीचा, आधी घेऊन ठेवणार असाल तर अर्धा चार्ज ठेवून ठेवा, लिथियम-आयन सेलला पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामं पडून राहणं मानवत नाही. आणि नावं पगाराच्या यादीतून उचलू नका. त्या वेळी आम्ही यादीतून घेतली आणि एका मुलाच्या आडनावात चूक झाली, त्यानी हसून घेतला पण वापरताना कधी दिसला नाही.

सांजवात:
इतकं मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खरंच आभार. साहेबांना डबीवरच्या लोगोचं सांगितलं, लगेच हो म्हणाले. काळा अ‍ॅल्युमिनियम, एकच बटण, चार्जिंगचा, असं ठरलं. आणि आज मी खाली जाऊन चौघांना विचारलं की तुमचं नाव कसं लिहू, तर मला ज्यांनी खाली आणलं होतं ते आधी नको नको म्हणाले, मग माझ्याच वहीत सावकाश लिहून दिलं, नुसतं 'मामा'. सगळे हाक मारतात तेच टाका म्हणाले. असं चालेल ना?

गिरमिट:
चालेल म्हणजे काय, तेच टाका. आणि त्यांनी वहीत लिहिलंय तर ते पान फाडू नका, वरून सरळ फोटो काढा, सावली पडू न देता. त्या रेषा उचलून त्यांचंच अक्षर जसंच्या तसं कोरता येतं, फॉन्ट लागतच नाही, जोडाक्षर फुटायचा प्रश्नही मिटला.

सांजवात:
हे होतं हे माहीतच नव्हतं! मग सगळ्यांचं असंच करते. उद्या पाळी बदलायच्या वेळी कोरे कागद आणि जाड काळं पेन घेऊन खाली बसते, १४ जणांचं राहिलंय.