मदत हवी आहे: बेडरूममधलं कपाट आवरून आवरून थकले, जागा पुरतच नाही

रानजाई | ८ जुलै, रात्री ११:४०

लवकर उत्तर हवंय, प्लीज. बेडरूममध्ये एकच मोठं कपाट आहे. त्यात माझे, नवऱ्याचे आणि मुलीचे (वय ६) कपडे, पांघरुणं आणि माझ्या साड्या. येत्या १९ तारखेला सासूबाई गावाहून आमच्याकडे कायमच्या राहायला येताहेत. त्यांना निदान दोन खण मोकळे करून द्यायचे आहेत. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यामुळे वाकावं लागणार नाही असेच हवेत. आयुष्यभर स्वतःचं घर सांभाळलेल्या बाईला इथे येऊन पिशवीत कपडे ठेवायची वेळ येऊ नये, एवढंच मला वाटतं.

दर रविवारी अख्खं कपाट रिकामं करते, घड्या घालून लावते. बुधवारपर्यंत चळती पुन्हा कोसळलेल्या असतात. मागचं काही काढायचं तर पुढचं सगळं आधी पलंगावर काढावं लागतं. कापडी खोके मागवले होते, चार महिन्यांत वाकडे झाले.

नवीन कपाट घ्या असं कृपया सांगू नका, खोलीत जागा नाही. आहे त्यातच जास्त कसं मावेल ते सांगा.

लाकूडतोड्या | ९ जुलै, सकाळी ७:०५

ताई, मापं? रुंदी, उंची, आतली खोली, दोन फळ्यांमधलं अंतर. दारं बिजागरीची की सरकती? घर स्वतःचं की भाड्याचं? यातलं काहीच लिहिलेलं नाही, सांगणार काय?

गंधाली | ९ जुलै, सकाळी ९:२०

मापं नंतर. आधी कपडे कमी करा. वर्षभरात एकदाही अंगावर चढलं नाही ते देऊन टाका. मी मागच्या दिवाळीआधी तीन मोठी बोचकी बाहेर काढली, तेव्हापासून कपाटात हात घालायला बरं वाटतं.

वसंतकाका | ९ जुलै, सकाळी ९:४५

प्लायवूडची कपाटं म्हणजे पैशांचा नास. आमचं लोखंडी कपाट १९८४ साली घेतलेलं. तीन घरं बदलली, एकदा रंग दिला, कुलूप अजून पहिलंच आहे. मधलं लॉकर, खाली चोरकप्पा, वर टोप्या-मफलर. जुनं लोखंडी कपाट कुठेही स्वस्तात मिळतं, ते घ्या.

गंधाली | ९ जुलै, सकाळी ९:५२

काका, नवीन कपाट नको असं त्यांनी स्वच्छ लिहिलंय.

वसंतकाका | ९ जुलै, सकाळी १०:१०

मी जुनं म्हणतोय.

बर्फातली_मराठी | ९ जुलै, सकाळी १०:३०

आमच्याकडे मिनेसोटात हिवाळ्याचे जाडजूड कोट असतात. ते मी हवा खेचून घेणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरते, व्हॅक्यूम क्लीनर लावला की रजईचा पापड होतो. आमचं क्लोजेट आत चालत जाता येईल एवढं आहे, तारेच्या जाळीची शेल्फ लावलीत, वारा खेळता राहतो. तुम्हीही जाळीची शेल्फ लावून बघा.

रानजाई | ९ जुलै, दुपारी २:१५

ऑफिसमधून लिहितेय, आईला घरी मोजायला लावलं. रुंदी ६ फूट. उंची छतापर्यंत, पण वरचे दोन फूट माळा आहे, त्याला वेगळी दारं. दारं सरकती, दोन. आतली खोली साडेएकोणीस इंच. डावीकडे चार खण, प्रत्येकात साधारण १८ इंच उंची. उजवीकडे रॉड आणि त्याखाली मोकळी जागा, तिथे मी बॅगा टाकते. घर स्वतःचं आहे, डोंबिवलीत, दोन वर्षांपूर्वी रिसेलमध्ये घेतलं. कपाट आधीच्या मालकांनी करून घेतलेलं.

आणि हो, एक वर्षात न घातलेलं देऊन टाका हे साड्यांना कसं लावायचं? लग्नातला शालू मी वर्षातून एकदाही नेसत नाही. तो देऊन टाकायचा का?

लाकूडतोड्या | ९ जुलै, सायंकाळी ६:३०

आता बोलता येईल. नाशिकला वीस वर्षं फर्निचरचं काम करतोय, अनुभवावरून सांगतो.

तुमच्या चळती कोसळतात त्याचं कारण १८ इंचांची उंची. घडीच्या कपड्यांना १० ते १२ इंच पुष्कळ झाले. १८ इंच दिसले की माणूस वरपर्यंत रचत जातो आणि सात-आठ घड्यांच्या वर गेलं की चळत कलतेच. प्रत्येक खणाच्या मधोमध एक जादा फळी टाका. नऊ-नऊ इंचांचे दोन होतील, चाराचे आठ खण. कपाटाला आतून दोन्ही बाजूंना पट्टी ठोकून त्यावर फळी टेकवली तरी चालते, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम.

मागचं काढता येत नाही, कारण साडेएकोणीस इंचांत तुम्ही दोन रांगा लावताय. मागची रांग विसरा. प्लास्टिकच्या आयताकृती टोपल्या घ्या, १८ इंच लांबीच्या, पुढून हाताला धरायला खाच असलेल्या. टोपली पूर्ण बाहेर ओढायची, मागचं काढायचं, परत ढकलायची. ड्रॉवर करायचे म्हणाल तर सरकत्या दारांत जपून. एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. ड्रॉवर पूर्णपणे त्या अर्ध्याच्या आत बसला पाहिजे, नाहीतर बाहेर येताना दुसऱ्या दाराच्या कडेला अडतो. हे चुकलेली कितीतरी कपाटं मी दुरुस्त केलीत.

उजवीकडे रॉडखाली बॅगा टाकताय म्हणजे अर्धी भिंत वाया घालवताय. हँगरवरच्या शर्टाला ४० इंच लागतात. आतून ७ फूट असतील तर एकाखाली एक दोन रॉड बसतात.

आजींचे खण जमिनीपासून अडीच ते साडेचार फुटांमध्ये ठेवा. वाकायला नको आणि खांद्याच्या वर हातही न्यायला नको.

सोनचाफा | ९ जुलै, रात्री ८:००

कपडे आडवे रचूच नका, उभ्या घड्या घाला. टी-शर्टची घडी पुस्तकासारखी उभी राहील इतकी घट्ट करायची आणि टोपलीत एकामागे एक लावायची. सगळे एका नजरेत दिसतात, एक काढला तर बाकीचे हलत नाहीत. मुलीचे कपडे तर असेच ठेवा, तिला स्वतःला काढता येतील.

लाकूडतोड्या | ९ जुलै, रात्री ८:२५

मुलांच्या कपड्यांना ठीक. पंजाबी ड्रेसच्या ओढण्या आणि कडक इस्त्रीचे शर्ट उभे राहत नाहीत.

सोनचाफा | ९ जुलै, रात्री ८:४०

माझ्याकडे राहतात. ओढणी गुंडाळून ड्रेसच्याच घडीत घालायची.

मायेची_ऊब | ९ जुलै, रात्री ९:१०

पलंग कसला आहे? बॉक्सचा असेल तर त्यात काय ठेवलंय?

रानजाई | ९ जुलै, रात्री १०:५०

बॉक्सचाच आहे. त्यात रुखवतातली भांडी आणि पाहुण्यांच्या गाद्या आहेत.

लाकूडतोड्यादादा, मनापासून आभार. उद्याच सुताराला फोन करते. हवा खेचणाऱ्या पिशव्याही मागवल्या, पण मैत्रीण म्हणाली त्यातून काढलं की कपड्यांना जास्तच वास येतो. खरंय का? आमच्या कपड्यांना तसाही पावसाळ्यात कुबट वास येतो. तो सगळ्यांकडेच येत असेल म्हणा.

राजापूरकर | ९ जुलै, रात्री ११:१५

थांबा. वास कुठल्या कपड्यांना येतो? सगळ्या की ठरावीक खणातल्या?

रानजाई | ९ जुलै, रात्री ११:२२

खालच्या दोन खणांतल्या. मागच्या बाजूच्या कपड्यांना जास्त.

राजापूरकर | ९ जुलै, रात्री ११:२५

कपाटामागे काय आहे?

रानजाई | ९ जुलै, रात्री ११:२६

भिंत.

राजापूरकर | ९ जुलै, रात्री ११:२७

भिंतीपलीकडे?

रानजाई | ९ जुलै, रात्री ११:३१

बाथरूम.

राजापूरकर | ९ जुलै, रात्री ११:४८

मग सुताराला अजून बोलावू नका. आधी खालचा खण पूर्ण रिकामा करा आणि मागच्या फळीवर बोट दाबून बघा, मुख्यतः कोपऱ्यात. लाकूड टणक लागायला हवं. बाजूच्या भिंतीला, जिथे कपाट संपतं तिथे, रंगाचे पोपडे किंवा पांढरा लोणा आलाय का तेही बघा. आम्ही कोकणातली माणसं, ओल नाकाला कळते. पावसाळी दमटपणाचा वास सगळ्या कपाटात सारखा पसरतो. फक्त खाली आणि फक्त मागे येतो तो वास भिंतीतून येतो.

निर्मला_सोलापूर | १० जुलै, सकाळी ६:५०

वासावर डांबरगोळ्या. प्रत्येक खणात चार टाका. आमच्या आईपासून हेच चालत आलंय, एक साडी कसरीनं खाल्ली नाही.

शुभदा_पॅथॉलॉजी | १० जुलै, सकाळी ८:१५

निर्मलाताई, घरात सहा वर्षांची मुलगी आहे. डांबरगोळी म्हणजे बहुधा नॅफ्थलीन. लहान मुलं ती पांढरी गोळी म्हणून तोंडात घालतात. काही जणांमध्ये जी-६-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं, अशांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटू शकतात. कृपया नको.

निर्मला_सोलापूर | १० जुलै, सकाळी ८:४०

आमच्याकडे पाच मुलं वाढली त्याच घरात. पण तुमचा अभ्यास त्यातला आहे, तर मग लहान मूल असेल तिथे वेखंडाचे तुकडे किंवा कडुनिंबाचा वाळवलेला पाला मलमलच्या पुरचुंडीत ठेवा. पाला नीट वाळलेला हवा, ओला ठेवला तर डाग पडतात.

पैठणकन्या | १० जुलै, सकाळी ११:००

डांबरगोळी जरीला तर टेकूच देऊ नका, जर काळवंडते. रानजाई, शालू प्लास्टिकच्या पिशवीत असेल तर आजच काढा. जुन्या धुवट सुती कापडात किंवा मलमलीत गुंडाळा. भरजरी साडी हँगरला लटकवू नका, स्वतःच्या वजनाने ओढली जाते. दर तीन-चार महिन्यांनी घडी उलगडून दुसऱ्या ठिकाणी मोडा, म्हणजे एकाच रेषेत जर तुटत नाही. आजीच्या पैठणीला मी हेच करते. घडी बदलायचा दिवस आम्ही दोघी बहिणी मिळून ठरवतो, आजीच्या सगळ्या गोष्टी त्या दिवशी निघतात.

भटकंती_पुणे | १० जुलै, दुपारी १२:३०

पुण्यात सिंहगड रोडला चांगला सुतार कोणी सांगेल का? मलाही कपाट करायचंय.

रानजाई | १० जुलै, रात्री १०:१५

मघाशी खालचा खण रिकामा केला. अगदी मागे आईनं विणलेली शाल होती. ती ओढली तर येईना. फळीला चिकटली होती. सोडवली तेव्हा मागच्या बाजूला ताटाएवढा काळा-हिरवट डाग. फळीवर बोट दाबलं तर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं आत गेलं.

दोन वर्षं मी त्या खणात कपडे लावतेय आणि जागा पुरत नाही म्हणून रडतेय. शाल कशी वाचवू ते सांगा आधी. लोकरीची आहे.

निर्मला_सोलापूर | १० जुलै, रात्री १०:४०

रडू नको गं. आधी ती पूर्ण वाळू दे, पंख्याखाली पसरून. मग गॅलरीत, नाकाला रुमाल बांधून मऊ ब्रशनं बुरशी झाड. नंतर थंड पाण्यात लोकरीच्या साबणानं हलक्या हातानं धू, पिळू नको. वाळवताना आडवी पसर. डाग थोडा राहील कदाचित, पण शाल राहील.

राजापूरकर | १० जुलै, रात्री ११:००

आता दोन गोष्टी. भिंत जिथे उघडी दिसते तिथे फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा, एक-दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला पाणी धरलं तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला धरलं तर हवेतली. दुसरं, तीन-चार दिवस त्या बाथरूममध्ये आंघोळ बंद ठेवता येईल का? तरीही ओल वाढत राहिली तर पाइप गळतोय. वाढायची थांबली तर टाइल्सचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतल्या जाळीखालचं सांडपाण्याचं भांडं.

वसंतकाका | ११ जुलै, सकाळी ७:३०

लोखंडाला वाळवी लागत नाही आणि ते पाणी पीत नाही, हेच मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

लाकूडतोड्या | ११ जुलै, सकाळी ८:१०

काका, ओल्या भिंतीला टेकवलं तर लोखंडही मागून गंजतं. भिंतीपासून तीन-चार इंच सोडावेच लागतात.

ताई, फळी टाकायचं काम थांबवा. मागची कुजलेली फळी काढून टाका, भिंत उघडी होऊ द्या. नवी लावाल तेव्हा प्लायवर ७१० चा शिक्का बघून घ्या, ते मरीन प्लाय, पाण्याला टिकणारं. ३०३ लिहिलेलं असेल तर ते साध्या घरकामाचं, ओलीच्या भिंतीवर घालू नका.

रानजाई | २७ जुलै, रात्री ९:३०

इतक्या दिवसांनी लिहितेय, माफ करा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाणी होतं. शेजारच्या काकूंकडे आंघोळी केल्या तरी ओल वाढतच होती. प्लंबरनं दोन टाइल्स काढल्या, गीझरकडे जाणाऱ्या पाइपचा सांधा आत झिरपत होता. तो बदलला. भिंत अजून वाळतेय, रंग लगेच देऊ नका असं त्याने बजावलंय. सुतारानं मागची फळी काढली, खालचे दोन खण सध्या रिकामेच ठेवलेत. वरच्या दोन खणांत मधल्या फळ्या बसवल्या. उजवीकडे दुसरा रॉड बसला, ८२ इंच मिळाले.

मायेची_ऊब, तुमच्या प्रश्नाला मी नुसतं उत्तर देऊन विसरले होते. पण सगळी जागा तिथेच निघाली. रुखवतातली भांडी जावेच्या मुलीला दिली, तिचं लग्न ठरलंय. पांघरुणं पलंगात गेली.

सासूबाई ठरल्याप्रमाणे १९ ला आल्या. त्यांचे दोन खण छातीच्या उंचीवर आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी ट्रंकेतून एकेक लुगडं काढून स्वतः लावलं, मला हात लावू दिला नाही. मधेच म्हणाल्या, फळीवर आधी कागद घाल, माझ्या आईकडे फडताळात घालायचे. आता सगळ्या खणांत वर्तमानपत्र आहे.

शाल धुतली. डाग फिका झालाय, गेला नाही.

एकच विचारायचंय. भिंत वाळल्यावर मागे फळी पुन्हा लावू की नुसती भिंतच ठेवू?

लाकूडतोड्या | २८ जुलै, सकाळी ७:१५

या वर्षी लावू नका. दिवाळीनंतर परत प्लास्टिक चिकटवून बघा, दोन दिवसांनी आतून कोरडं निघालं तरच लावा. तोवर त्या दोन खणांत कपडे भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा.

पैठणकन्या | २८ जुलै, सकाळी १०:०५

वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या आणि रेशमी कपड्यांना लागते. सासूबाईंना सांगून वर जुन्या सुती साडीचा तुकडा घाला.

भटकंती_पुणे | २८ जुलै, दुपारी १:२०

सिंहगड रोडचा सुतार, कोणी?