'रिप्युडिएट' या क्रियापदासाठी नेमका मराठी शब्द हवा आहे

माझ्या आत्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी केलेला विम्याचा दावा कंपनीने नाकारला आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरी झोपाळ्यावर बसून तिने ते पत्र दोनदा वाचले आणि 'युअर क्लेम स्टँड्स रिप्युडिएटेड' या ओळीखाली बोट ठेवून विचारले, "हे पैसे देत नाही म्हणताहेत, की देणे लागतच नाही म्हणताहेत?"

मला समजले ते असे. 'रिजेक्ट' नोकरीच्या अर्जाला चालते, लग्नाच्या स्थळालाही चालते. 'रिप्युडिएट' मात्र जिथे काही बंधन किंवा देणे आहे असे निदान समोरचा तरी म्हणतो, तिथेच शोभते. १९१८ साली रशियातल्या बोल्शेविक सरकारने झारच्या काळातली कर्जे 'रिप्युडिएट' केली, म्हणजे फेडीला मुदत मागितली नाही, तर ती कर्जे आपली मानायलाच नकार दिला. शब्दाचे मूळ लॅटिन 'रेपुडियुम' आहे आणि रोमन कायद्यात एका बाजूने विवाह किंवा वाङ्‌निश्चय मोडण्याला तो शब्द होता. आपली काडीमोडच आठवते. वापरातही एक फरक आहे: 'रिफ्यूज्ड टु पे' म्हणता येते, 'रिप्युडिएटेड टु पे' म्हणता येत नाही, कारण या क्रियापदाला थेट कर्मच लागते.

आता मराठीचा प्रश्न. 'फेटाळणे' मला पटत नाही, कारण फेटाळतो तो निवाडा करणारा आणि कंपनी तर या व्यवहारातली एक बाजू आहे. 'नामंजूर' इथे गुजरातीतही सर्रास ऐकू येतो, पण तो अर्जापुरता ठीक वाटतो. 'झिडकारणे' यात राग आहे, पत्रात तो नाही. अर्थाने सर्वांत जवळचे 'हात झटकणे', पण ते औपचारिक लेखनात कसे चालावे? सध्या मी 'कंपनीने दाव्याचे दायित्व अमान्य केले आहे' असे लिहिले आहे. त्यात कर्म बदलते, ही खंत मात्र राहते.

सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, बडोद्यात आठ भाषांतला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराचा कोश निघाला होता. कोणाकडे त्याची प्रत असल्यास या शब्दापुढे काय दिले आहे, ते कृपया कळवावे. विमा लोकपालांकडे तक्रार इंग्रजीतच जाणार आहे, परंतु सही करण्यापूर्वी आत्याला ती मराठीत वाचायची आहे आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या एका क्रियापदात तिला सापडावे, अशी माझी इच्छा आहे. विधी किंवा विमा क्षेत्रातल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.