पहिल्या कॉन्फरन्ससाठी विद्यार्थ्यांकडून पूर्ण भाषण लिहून पाठ करून घ्यावं का?

प्रयोगवही
माझं मत: घेऊ नये. विज्ञान परिषदांत नेहमीचा वेळ १५ मिनिटांचा, त्यातली १२ बोलायला आणि ३ प्रश्नांना. पाठ केलेलं भाषण दोन जागी हमखास दगा देतं. एक वाक्य निसटलं की पुढचं सगळंच अडतं. आणि सत्राध्यक्षांनी 'दोन मिनिटं' अशी चिठ्ठी दाखवली की काय गाळायचं ते सुचत नाही. मग पद्धतीचं वर्णन घाईघाईने उरकतात आणि निष्कर्ष राहूनच जातो.

त्यापेक्षा गाइडने प्रत्येक स्लाइडमागचं एक वाक्य विद्यार्थ्याकडून काढून घ्यावं आणि तेच मथळा म्हणून टाकायला लावावं. समजा, विषय विहिरींच्या पाण्यातलं नायट्रेट. 'निरीक्षणे' असा मथळा दिला की विद्यार्थी तक्ता ओळीने वाचत सुटतो. 'पावसाळ्यानंतर बारापैकी सात विहिरी मर्यादेबाहेर' असा दिला की बोलायचं काय ते समोरच असतं. पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आलेखावर आडव्या रेषेने दाखवली, की त्या स्लाइडला दुसरं काही लागत नाही.

कोरा_कागद
मथळ्यांबद्दल सहमत, बाकी नाही. इंग्रजीत बोलायची सवय नसलेल्या मुलांना 'मुद्द्यांवरून बोल' म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणं. शब्द शोधण्यातच त्यांची तीन-चार मिनिटं जातात. लिहून घेतलं की वेळेचा हिशोब लागतो. मिनिटाला १२० शब्द ही सावकाश, समजेल अशी गती. १२ मिनिटांचे १,४४० होतात, पण मसुदा १,३०० वर थांबवायचा, कारण स्लाइड बदलणं आणि आलेखाचे अक्ष समजावणं यातही वेळ जातो. मसुदा दोन हजारांवर गेला तर भरभर बोलून उपयोग नाही, एक अख्खा प्रयोग काढून टाकावा लागतो. हा निर्णय व्यासपीठावर होत नाही, कागदावरच होतो.

शिवाय लिहिताना तर्कातली भोकं दिसतात. याच बारा विहिरी का निवडल्या, याचं उत्तर मसुद्यात नसेल तर ते डोक्यातही नसतं.

प्रयोगवही
हिशोबासाठी लिहा, माझी हरकत नाही. पण मग तो कागद बाजूला ठेवायला लावा. लिहिलेली वाक्यं लांब असतात, तोंडात बसत नाहीत. आणि विद्यार्थी तोच मजकूर स्लाइडखालच्या नोट्समध्ये टाकून निर्धास्त होतात. सभागृहातल्या संगणकावर बऱ्याचदा दोन्ही पडद्यांवर एकच चित्र येतं, नोट्स दिसतच नाहीत. तिथे मुलं गोठतात.

शिलालेख
ही सगळी चर्चा विज्ञानाची झाली. इतिहास, साहित्य, समाजशास्त्राच्या चर्चासत्रांत शोधनिबंध वाचण्याचीच रीत आहे आणि ती योग्य आहे. बखरीतला उतारा किंवा ताम्रपटातली ओळ अंदाजाने सांगून चालत नाही. अडचण निराळीच आहे: सहा हजार शब्दांचा छापण्याजोगा निबंध हातात घेऊन विद्यार्थी २० मिनिटांसाठी उभा राहतो आणि व्यासपीठावरच पानं उलटत 'वेळेअभावी हे सोडतो' म्हणू लागतो. वाचनाची प्रत वेगळीच करायला हवी. २,२०० शब्दांपर्यंत, १४ पॉइंटांत, कागदाच्या एकाच बाजूला, वर ठळक पानक्रमांक. वेळ कापला गेला तर गाळायचे दोन परिच्छेद आधीच चौकटीत टाकून ठेवावेत.

देवनागरी स्लाइड असतील तर युनिकोडच वापरा आणि सोबत पीडीएफ न्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की नुसती चिन्हं दिसतात.

तिसरी_रांग
लिहा किंवा लिहू नका, शेवटची तीन मिनिटं कुणाच्याच कागदावर नसतात, आणि तयारीत सगळ्यात कमी वेळ त्यांनाच मिळतो. रंगीत तालमीला चार-पाच जण बसवा, त्यातला एक विषयाबाहेरचा हवाच. मध्ये कुणी टोकायचं नाही. प्रत्येकाने स्लाइडचा क्रमांक टाकून शंका लिहायची आणि शेवटी खरोखर विचारायची. विद्यार्थ्याने प्रश्न आपल्या शब्दांत परत म्हणावा: नीट कळला की नाही ते तपासलं जातं, मागच्यांनाही ऐकू जातो. 'हे मोजलेलं नाही, मोजायचं तर अमुक पद्धतीने मोजता येईल' हे पूर्ण उत्तर आहे, ते न चाचरता देण्याचा सराव हवा. वारंवार येणाऱ्या शंकांसाठी आभाराच्या स्लाइडनंतर तीन-चार राखीव स्लाइड ठेवाव्यात.

माझ्या मते पहिली तालीम मराठीत, स्लाइडविना घ्यावी. मुद्द्यांचा क्रम चुकला असेल तर तिथेच कळतो.

कोरा_कागद
ती एकदाच. शेवटचा आठवडा पूर्ण इंग्रजीत हवा, नाहीतर संज्ञांचे उच्चार ऐन वेळी अडतात. पाठांतराचं म्हणाल तर पहिली चार वाक्यं आणि शेवटची दोन यांवर मी ठाम आहे. सुरुवातीलाच आवाज कापतो, तिथे आधार हवाच.

प्रयोगवही
शेवटची दोन मान्य, कारण वेळ कापला तरी ती म्हणायचीच आहेत. सुरुवातीची चार नाहीत. आधीचा वक्ता आला नाही, वेळ अलीकडे आला, अध्यक्षांनी विषयाची ओळख आधीच करून दिली, असं काहीही झालं की पाठ केलेली सुरुवात बसत नाही. तिथे कागदावर एवढंच असावं: चौथ्या मिनिटाला कुठली स्लाइड, आठव्याला कुठली. आठव्याला आलेखापर्यंत पोचलो नाही, तर नमुने गोळा करण्याची दुसरी स्लाइड सोडून थेट आलेखावर जायचं.