कठडा कोणासाठी?

"देवाच्या आज्ञा म्हणजे नुसती 'हे करू नको, ते करू नको'ची यादी, माणसाला जखडून ठेवणारी" असं बायबलबद्दल काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. दहा आज्ञांवर थांबलं तर तसं वाटू शकतं, आणि मंडळीत (चर्चमध्ये) शिकवतानाही आपण बरेचदा फक्त धाक दाखवतो, हे खरं. पण बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं २२:८ (अध्याय २२, वचन ८) बघा. नवं घर बांधशील तर छपराला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेलं तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल. बायबलमधल्या त्या देशात घरांची छपरं सपाट, माणसांचा तिथे सतत वावर. यरीहो शहरातल्या राहाब नावाच्या बाईने इस्राएलचे हेर लपवले ते छपरावर, येशूचा शिष्य पेत्र यापो गावात प्रार्थनेला गेला तोही छपरावरच. म्हणजे आज्ञा घरमालकाला खर्चात पाडते, पण जीव वाचतो तो त्याच्याच लेकरांचा नि पाहुण्यांचा.

त्याच पुस्तकात २४:६ बघा. कर्जापोटी कोणाचं जातं गहाण घ्यायचं नाही, नुसती वरची तळीसुद्धा नाही. एक तळी उचलून नेली की दळण बंद, आणि दळण बंद म्हणजे त्या घरात भाकरी नाही. इथे बंधन सावकारावर आहे, संरक्षण कर्जदाराला. विश्वासणाऱ्यांपैकी आज देणारा कोण, उद्या मागणारा कोण, हे कुठे ठरलेलं असतं? माझ्यावर मागायची वेळ आली तेव्हा याच आज्ञेचा मला आधार वाटला.