फोटो ढिगाने निघतात पण हात बसत नाही, सराव कसा करायचा?

कोथरूडचा_क्लिक:
नमस्कार मंडळी, क्रॉप सेन्सरचा (35 मिमी फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, सोबत आलेली 18-55 मिमी किट लेन्स. रविवारी कधी सिंहगड कधी पाषाण तलाव कधी तुळशीबाग असं फिरतो, पण घरी येऊन बघितलं की सगळे फोटो सारखेच वाटतात. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ (लेन्सचं छिद्र किती उघडं, किती वेळ, आणि सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) वाचून कळलंय पण ऐन वेळी हात अडतो. नवीन लेन्स घेऊ का क्लास लावू?

तांबट_आळी_फॅन:
लेन्स अजिबात नको घेऊ. आहे तीच 35 मिमीवर ठेव आणि झूम रिंगला चिकटपट्टी लाव, क्रॉपवर ते साधारण फिल्म कॅमेऱ्यावरच्या 50 मिमीसारखंच दिसतं आणि फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँनी बहुतेक काम 50 वरच केलंय. मग जागाही एकच धर. मी म्हणेन कसब्यातली तांबट आळी, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, तिथे भांडी ठोकताना हातोडा सारखा हलतो, 1/30 सेकंदाला तो पुसट येतो, 1/500 ला हवेत थांबतो, दोन्ही काढ आणि ठरव तुला काय दाखवायचंय, शटर असंच अंगात मुरतं. आत उजेड कमी असतो त्यामुळे 1/500 ला आयएसओ बराच चढेल, नॉइज (दाणेदारपणा) येईल, येऊ दे. तांब्यावर उजेड पडला की हायलाइट उडतात (उजळ भाग नुसते पांढरे होतात), तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -1 करून, म्हणजे फोटो थोडा काळोखा करून, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघ. आणि कारागिरांना आधी विचार, पुढच्या वेळी जाताना प्रिंट घेऊन जा, हे मला सेटिंगपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

नदीकाठी:
+1. फक्त एक भर, फिल्मच्या रोलमध्ये 36 फ्रेम असायच्या, तेवढ्याच काढायच्या असं ठरवून बाहेर पडा. निवड कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर करू नका, तिथे फोकस हुकलेला कळत नाही, घरी मोठ्या स्क्रीनवर 100% झूम करून बघा आणि ठेवलेला प्रत्येक फोटो का ठेवला ते एका ओळीत लिहा. कंटाळवाणं आहे पण नजर यातूनच तयार होते.

कोथरूडचा_क्लिक:
धन्यवाद दोघांनाही! पण ऑफिसमुळे रोज संध्याकाळी अर्धा तासच मिळतो, तेवढ्यात काय करू?

नदीकाठी:
गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल पथकांचा सराव असतो ना, तिथे जा, उजेड कमी होत जातो तशी सेटिंग बदलावीच लागतात. एरवी घरातच खिडकीपाशी एक पितळी तांब्या ठेवा, रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, उजेड बाजूने, मागून, समोरून. आठवडाभर तोच तांब्या.