नॅट गेटवेतून रात्री एवढा डेटा बाहेर कुठे चाललाय, कसं शोधायचं?

बाणेर_बॅकएंड
नमस्कार मंडळी, आमची बाणेरमधली छोटी कंपनी आहे, सगळा संसार एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनचं क्लाउड) मुंबई रीजनमध्ये. मशीनं प्रायव्हेट सबनेटमध्ये (इंटरनेटवरून थेट न दिसणारं नेटवर्क) आणि बाहेर जायला एकच नॅट गेटवे, म्हणजे सगळ्यांचं ट्रॅफिक स्वतःच्या आयपीवरून बाहेर नेणारं दार. या महिन्याचं बिल उघडलं तर नॅटचं डेटा प्रोसेसिंग दुपटीच्या वर. क्लाउडवॉचवर (एडब्ल्यूएसचे आलेख आणि लॉग) बघितलं तर रात्री दीड-दोनला बाहेर जाणाऱ्या बाइट्सचा आलेख सरळ वर चढतो आणि पहाटे उतरतो, आणि हे विसर्जनाच्या रात्री पण, जेव्हा अख्खी टीम लक्ष्मी रोडला होती आणि लॅपटॉपला कुणी हात लावलेला नव्हता. साहेब म्हणतात हॅक झालंय. फ्लो लॉग (कुठला आयपी कुणाशी किती बोलला याची नोंद) चालू केलेत पण नॅटच्या इंटरफेसचे उघडले की एका बाजूला नॅटचाच आयपी दिसतो, कुठलं मशीन कुणाशी बोलतंय ते जुळवताच येत नाही. सुरुवात कुठून करू?

निवांत_सिसॅडमिन
गार्डड्यूटी (एडब्ल्यूएसची धोका ओळखणारी सर्व्हिस) ऑन कर आणि झोप. पहिले ३० दिवस फुकट आहे. फ्लो लॉग तू चालू केले नसलेस तरी ते आपलं आपण वाचतं, आणि एखादं मशीन नेहमीपेक्षा जास्त डेटा बाहेर ढकलायला लागलं की सांगतं. कशाला डोकेफोड.

लॉगवाली_ताई
निवांत, ऑन कर हे बरोबर, झोप हे चूक 🙂 गार्डड्यूटीला 'नेहमीचं' काय ते शिकायला वेळ लागतो. आणि डीएनएसवरचे अलर्ट फक्त मशीन एडब्ल्यूएसचाच रिझॉल्व्हर (डोमेनच्या नावावरून आयपी शोधून देणारा सर्व्हर) वापरत असेल तर येतात. कुणी शहाण्याने मशीनच्या डीएनएस सेटिंगमध्ये गूगलचा ८.८.८.८ टाकून ठेवला असेल तर त्या बाबतीत ते आंधळं.

बाणेर, तुमचं सांगते. डिफॉल्ट फॉरमॅटचा फ्लो लॉग नॅटच्या बाबतीत अर्धवटच असतो. कस्टम फॉरमॅटचा नवीन बनवा (जुन्यात बदल करता येत नाही, नवाच करावा लागतो) आणि त्यात पॅकेटचा मूळ सोर्स, मूळ डेस्टिनेशन, फ्लोची दिशा आणि 'डेस्टिनेशन एडब्ल्यूएसची कुठली सर्व्हिस आहे' ही चार फील्ड घाला. नोंदी गोळा करायचा इंटरव्हल डिफॉल्ट १० मिनिटांचा असतो तो १ मिनिट करा. लॉग एस३मध्ये (एडब्ल्यूएसची फाइल साठवण) टाकून अथीनाने (तिथल्या फाइलींवर क्वेरी चालवणारं टूल) वाचा, क्लाउडवॉचमध्ये टाकलेत तर लॉगचंच बिल बघून साहेबांना घाम फुटेल.

मग पहिली क्वेरी एकच, मशीन आणि डेस्टिनेशन सर्व्हिसप्रमाणे बाइट्सची बेरीज. माझा अंदाज, तुमचा रात्रीचा डोंगर एस३च निघेल. नवीन बॅकअप जॉब कुणी लावलाय का विचारा. एस३चा गेटवे एंडपॉइंट (नॅटला वळसा घालून थेट एस३ला जाणारी वाट) फुकट मिळतो, तो सबनेटच्या राउट टेबलला जोडला नसेल तर एस३ला जाणारा प्रत्येक जीबी नॅटमधून जातो आणि त्याचे पैसे पडतात. पुण्यातल्या कितीतरी स्टार्टअपांत हेच बघितलंय, चोर शोधायला निघतात आणि सापडतो बॅकअप.

पण तेवढ्यावर थांबू नका. डोंगर बाजूला काढला की खाली काय उरतं ते महत्त्वाचं. सगळी एडब्ल्यूएसची डेस्टिनेशनं वगळा आणि दुसरी क्वेरी बाइट्सवर न लावता 'किती वेगवेगळ्या तासांत दिसलं' यावर लावा. माणूस वापरतो ते ट्रॅफिक दिवसा वाढतं, रात्री झोपतं. जे डेस्टिनेशन दिवसाचे चोवीस तास थोडंथोडं दिसतं आणि ज्याच्याशी तुमचं एकच मशीन बोलतं, ते उघडून बघायचं. बाइट्सच्या टॉप टेनमध्ये ते कधीच येत नाही.

कोथरूड_नेटवर्क
ताईंना +१. एक भर, फ्लो लॉगमध्ये एडब्ल्यूएसच्या रिझॉल्व्हरला जाणारं डीएनएस आणि १६९.२५४.१६९.२५४ वरचं मेटाडेटाचं (मशीन स्वतःची माहिती आणि किल्ल्या जिथून घेतं ते) ट्रॅफिक येतच नाही. म्हणजे डीएनएसच्या नावांत भरून कुणी डेटा पळवत असेल तर फ्लो लॉग कितीही चाळा, हाती काही नाही. त्यासाठी रूट ५३ रिझॉल्व्हरचं (एडब्ल्यूएसचाच डीएनएस) क्वेरी लॉगिंग वेगळं चालू करायचं आणि एकाच डोमेनखाली लांबच्या लांब रँडम सबडोमेन येतायत का बघायचं.

बाणेर_बॅकएंड
ताई, मानलं! रात्रीचा जवळजवळ सगळा डोंगर एस३, डेटा टीमने डंपचा जॉब लावलेला, आम्हाला पत्ताच नाही. एंडपॉइंट जोडला, आलेख जमिनीवर. साहेब खूश.

पण दुसऱ्या क्वेरीत एक निघालंय. स्टेजिंगचं (चाचणीच्या सेटअपचं) एक टी३ प्रकारचं मशीन, परदेशातल्या एकाच आयपीशी, पोर्ट ३३३३, चोवीस तास. डेटा अगदी किरकोळ. सीपीयू १०० टक्के. आता टर्मिनेट करून टाकू का?

लॉगवाली_ताई
थांबा!! टर्मिनेट नको. ३३३३ आणि वर सीपीयू फुल्ल म्हणजे बहुतेक मायनर (तुमच्या सीपीयूवर चोरून क्रिप्टो नाणी काढणारा प्रोग्राम), त्याला मायनिंग पूलच्या सर्व्हरशी बोलायला डेटा लागतोच किती. टी३ अनलिमिटेड मोडवर (ठरलेल्या सीपीयूपेक्षा जास्त वापरू देणारा) असेल तर जादा सीपीयू क्रेडिटचे पैसे पण चढत असणार, बिलात ती ओळ बघा.

आधी ईबीएसचा (मशीनच्या डिस्कचा) स्नॅपशॉट घ्या. मशीन चालू असतानाच प्रोसेसची यादी, क्रॉन (वेळेवर आपोआप चालणारी कामं) आणि टेंप फोल्डर बघून कॉपी करून ठेवा, बंद केलं की मेमरीतलं सगळं गेलं. आणि त्या मशीनला जो आयएएम रोल (एडब्ल्यूएसमध्ये त्याला काय काय करता येतं ते ठरवणारी ओळख) आहे त्याच्या किल्ल्या बाहेर गेल्यात असंच धरून चाला, रोलची जुनी सेशन रद्द करा आणि क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएस खात्यात कुणी काय केलं याची नोंद) तो रोल कुठल्या अनोळखी आयपीवरून वापरला गेलाय का ते तपासा. मायनर हा दिसणारा भाग, घुसलेल्याने अजून काय काय उघडलं हा खरा प्रश्न.

कोथरूड_नेटवर्क
तोडताना एक लक्षात ठेव भावा, नुसता सिक्युरिटी ग्रुप (मशीनची फायरवॉल) रिकामा केला तर आधीपासून चालू असलेलं कनेक्शन लगेच तुटेलच असं नाही, कारण ते ट्रॅक झालेलं असतं. सबनेटच्या नेटवर्क एसीएलमध्ये (अख्ख्या सबनेटची फायरवॉल, नियम नंबराच्या क्रमाने लागतात) त्या आयपीला आउटबाउंड डिनाय टाक, अलाउच्या आधीचा नंबर देऊन, ते तिथल्या तिथे लागू होतं. आणि आत आलं कुठून ते बघ, स्टेजिंगवर रेडिसचं ६३७९ किंवा डॉकरचं २३७५ लोड बॅलन्सरमधून नाहीतर पीअरिंगमधून (दुसऱ्या नेटवर्कशी थेट जोडणी) उघडं आहे का.

निवांत_सिसॅडमिन
आणि साहेबांना आत्ताच सांग, सोमवारी नको. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. एस३ बकेटचा लाइफसायकल रूल (जुने लॉग आपोआप पुसणारा) ३० दिवसांवर असेल तर तो आधी वाढव.

बाणेर_बॅकएंड
रूल १४ दिवसांवर होता, वाढवला. एसीएल टाकला, कनेक्शन तुटलं, पण ते मशीन आता त्याच आयपीला मिनिटाला रिजेक्ट खातंय. स्नॅपशॉट चालू आहे, साहेबांना फोन लावतोय.