मदत हवी आहे : बाहेरच्या देशातून मूल दत्तक घ्यायचंय, देश कोणता आणि एजन्सी कोणती?

रेवा_त्रिमूर्तीनगर
नमस्कार. सरळ मुद्द्यावर येते. आम्हाला बाहेरच्या देशातून मूल दत्तक घ्यायचं आहे. नागपुरात राहतो, दोघांच्या नोकऱ्या आहेत, घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलं. इथे भारतातल्या दत्तकाच्या रांगेत वाट पाहून पाहून थकलो. रोज रात्री जेवणं झाली की दत्तकाच्या सरकारी साइटवर लॉगिन करायचं, रांगेतला नंबर बघायचा आणि बंद करायचं, हेच चालू आहे. बाळाची खोली रंगवून दोन दिवाळ्या झाल्या. नेपाळ, श्रीलंका, आफ्रिकेतला एखादा देश, कुठेही चालेल, फक्त लवकर व्हायला पाहिजे. कोणती एजन्सी भरवशाची आहे, खर्च किती येतो, ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. धीर धरा असं कृपया कोणी लिहू नका, ते ऐकून झालंय.

बर्डीचा_मिलिंद
ताई, तुमची वयं किती? घरात आधीचं मूल आहे का? नोंदणी कोणत्या साली केली? आणि तुम्ही दोघंही भारतीय नागरिकच ना? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार.

सुहास_न्यूजर्सी
माझ्या भावानं इथून केलंय. अमेरिकेतल्या अधिकृत एजन्सीतून फाइल गेली, त्यांनीच होम स्टडी, म्हणजे घराची आणि आईबापांची पाहणी, केली, आणि मूल भारतातून आलं, आता तीन वर्षांची आहे आमची पुतणी. एनआरआय आणि ओसीआयवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे) भारतात राहणाऱ्यांच्या बरोबरीनं धरतात, त्यामुळे फार उशीर लागला नाही. मी एजन्सीचा नंबर देऊ शकतो, त्या फार चांगल्या आहेत.

बर्डीचा_मिलिंद
सुहासभाऊ, त्या नागपुरात आहेत. ती एजन्सी तिकडे राहणाऱ्यांसाठी असते, त्यांना काय कामाची?

सुहास_न्यूजर्सी
विचारायला काय जातं, एक ईमेल तर करा.

रेवा_त्रिमूर्तीनगर
वयं कशाला पाहिजेत कळत नाही पण सांगते, मी ४१, हे ४५. मूल नाही. नागरिक भारतीयच, अजून कुठले असणार? नोंदणी २०२२ मध्ये केली. आता देश सांगा प्लीज.

काटोलचा_किशोर
ताई, एवढं कशाला फिरता. आमच्याकडे एका ओळखीच्या नर्सबाईंनी जमवून दिलं होतं, पोट्टी आता दहावीत आहे, हुशार आहे, आईबाप जीव टाकतात तिच्यावर. मी विचारून पाहू का?

अ‍ॅड_सिव्हिललाइन्स
किशोरभाऊ, हे इथे लिहूही नका. बाल न्याय कायदा २०१५, कलम ८१, मूल विकणं किंवा विकत घेणं यासाठी पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख दंड. पैसे दिले नाहीत तरी प्रक्रिया टाळून अनाथ किंवा सोडून दिलेलं मूल घेतलं तर कलम ८० आहेच, तीन वर्षांपर्यंत. आणि शिक्षेपेक्षा मोठी गोष्ट ही की ते मूल उद्या तुमच्याकडून काढून घेऊ शकतात. रेवाताई, असा कोणी फोन करून राहिला असेल तर उचलू नका.

काटोलचा_किशोर
मी वाईट मनानं नाही लिहिलं जी. त्या पोरीचं भलंच झालं.

अ‍ॅड_सिव्हिललाइन्स
तिचं भलं झालं याचा मला आनंदच आहे. पण ज्या आईनं तिला जन्म दिला तिनं कोणासमोर, कशावर सही केली, हे कोणालाच माहीत नसेल ना?

आता मूळ प्रश्न. भारतात राहणाऱ्या भारतीयांनी परदेशातून मूल घ्यायची सोय नियमांत आहे, नाही असं नाही. पण दत्तकाची सगळी प्रक्रिया आधी त्या देशात, त्यांच्या कायद्यानं पूर्ण करावी लागते. मग होम स्टडी, मुलाचा अहवाल आणि वैद्यकीय तपासणी बघून 'कारा', म्हणजे दत्तकाचं काम बघणारं केंद्र सरकारचं प्राधिकरण, हेग करारानुसार (देशादेशांतल्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) मंजुरी देते. मूल त्या देशाच्या पासपोर्टवर येतं, त्याला भारताचा व्हिसा लागतो. भारतानं हेग करारावर २००३ मध्ये शिक्कामोर्तब केलं, नेपाळनं २००९ मध्ये सही केली पण पुढे मान्यता दिलीच नाही. इथिओपियानं २०१८ मध्ये परदेशी दत्तक बंद केलं. चीननं सप्टेंबर २०२४ मध्ये नातेवाईक सोडून सगळं थांबवलं. कित्येक वर्षं पोरं बाहेर पाठवणारे देशच दार लावून घेत आहेत, कारण कागद खोटे निघाले, आई जिवंत असताना मूल अनाथ दाखवलं. लवकर होईल म्हणून तुम्ही तिकडे बघून राहिल्या, पण हा रस्ता लवकरचा नाही.

वैशाली_अमरावती
सरोगसीचा विचार केला का? नवीन कायद्यात बायकोचं वय २३ ते ५०, नवऱ्याचं २६ ते ५५ चालतं, म्हणजे तुम्ही बसता. माझ्या मावसबहिणीनं

वैशाली_अमरावती
अर्धवट गेलं. माझ्या मावसबहिणीनं चौकशी केली होती, नाहीतर नणंदेचं किंवा दिराचं मूल घ्या, हिंदू दत्तक कायद्यात मूल प्रत्यक्ष दिलं-घेतलं की दत्तक होतं, दत्तकपत्र रजिस्टर केलं की पुरावा राहतो.

रेवा_त्रिमूर्तीनगर
वैशाली, डॉक्टरांकडे आम्ही सात वर्षं काढली, त्याबद्दल इथे लिहायचं नाही. आणि नणंदेचं दुसरं मूल मागायला सासूबाई एकदा बोलल्या होत्या. नणंद काही बोलली नाही, आत जाऊन बाळाला उचलून घेऊन बसली. तेव्हाच मी ठरवलं की कोणाच्या कुशीतून मागायचं नाही.

आई_मानेवाडा
रेवाताई, आम्ही याच रांगेतून गेलो, म्हणून तीन गोष्टी विचारते, रागावू नका. होम स्टडी कधी झाली? वयोगट काय टाकलाय? आणि राज्य फक्त महाराष्ट्र टाकलंय का?

रेवा_त्रिमूर्तीनगर
० ते २. महाराष्ट्रच, भाषेमुळे. होम स्टडी नोंदणीच्याच वेळी झाली, एक बाई आल्या होत्या, गॅलरीला जाळी लावा म्हणाल्या, लगेच लावली. त्याचं आता काय?

आई_मानेवाडा
त्याचंच सगळं आहे ताई. होम स्टडी तीनच वर्षं चालते! नंतर नवी करून घ्यावी लागते. तुमची २०२२ ची म्हणजे संपली असणार. आत्ताच्या आत्ता तारीख बघा, आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन सांगा की पुन्हा करायची आहे.

अ‍ॅड_सिव्हिललाइन्स
आणि वैतागून जुनी नोंदणी रद्द करून नवी करू नका. वय नोंदणीच्या तारखेचं धरतात. आज नव्यानं केली तर तुमचं दोघांचं मिळून ८६ होतं, ० ते २ साठी मर्यादा ८५ आहे. २ ते ४ साठी ९०, ४ ते ८ साठी १००. म्हणून वयं विचारत होते मिलिंदभाऊ.

रेवा_त्रिमूर्तीनगर
१४ जून २०२२. आत्ता फाइल काढून बघितली. मला कोणी सांगितलं का नाही? मेसेज आला असेल, ह्यांचा तो जुना नंबर बंद झाला. बाप रे, मी इतके महिने रोज रात्री नंबर बघत बसले.

बर्डीचा_मिलिंद
ताई, मोबाइल नंबरही बदलून घ्या त्यातच. रेफरल, म्हणजे मूल सुचवल्याचा मेसेज, आलं की मूल राखून ठेवायला ४८ तासच असतात, जुन्या नंबरवर मेसेज गेला तर संपलं.

सुहास_न्यूजर्सी
मी त्या एजन्सीला तुमच्यासाठी विचारलं, ते म्हणाले भारतात राहणाऱ्यांचं करत नाहीत. मिलिंद बरोबर होता.

रेवा_त्रिमूर्तीनगर
धन्यवाद सुहासदादा, विचारलंत तरी. बाल संरक्षण कक्षात फोन लागला, मंगळवारी बोलावलंय. मानेवाड्याच्या ताई, काल रात्री हे म्हणाले की वयोगट वाढवू, चार-पाच वर्षांचंही चालेल. मला भीती वाटते. एवढं मोठं मूल आपलं होतं का हो? आणि दुसऱ्या राज्यातलं असेल तर बोलणार कसं?

आई_मानेवाडा
आमची ओडिशातून आली, साडेपाच वर्षांची. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती विचारतात, तिला विचारलं तेव्हा ती मान हलवून माझ्याकडे नाही, ह्यांच्या घड्याळाकडे बघत होती. घरी आल्यावर चार दिवस काही खाईना. वरण-भात नको, पोळी नको, नुसतं 'पखाळ, पखाळ' करायची, आम्हाला वाटलं कोणाचं नाव आहे, कोणाला तरी शोधतेय, मी रात्रभर रडले. संस्थेतल्या ताईंना फोन केला तर कळलं, पाण्यात भिजवून आंबवलेला भात. मे महिना होता, नागपूरचं ऊन, रात्री भात भिजवला, सकाळी दही-मीठ घालून दिला, वाटीभर खाल्ला आणि तिथेच मांडीवर झोपली. मराठी चार महिन्यांत आली, आता शेजारच्या पोरांशी भांडते ती आपल्यासारखीच भांडते. आई म्हणायला मात्र अकरा महिने लागले. तोवर मला 'ए' म्हणायची. हे आधी सांगून ठेवते, कारण तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी जाताना दोघांची मेडिकल आणि इन्कमची कागदपत्रं आत्ताची न्या, २०२२ ची नका नेऊ. आणि मनाची तयारी झाली असेल तर बाईंना वयोगट आणि राज्य कसं बदलायचं तेही तिथेच विचारून घ्या.

रेवा_त्रिमूर्तीनगर
नेते. भात रात्री किती पाण्यात भिजवायचा, तेवढं सांगून ठेवा.